गज टाकून बघ

शिकारीचा विषय निघाला की मी चहाला उठतो. मंडळातल्या ज्येष्ठांच्या सकाळच्या गप्पांत कुणी ना कुणी म्हणतंच, "अरे, तुम्ही बंदूक घेतली होती ना मध्ये? काय झालं होतं तेव्हा?" मी कप उचलतो आणि स्वयंपाकघराकडे वळतो. परत येईपर्यंत विषय गुडघ्यांवर किंवा नातवंडांवर गेलेला असतो. काय झालं होतं ते तसं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे मी सांगितलं तेवढं ठाऊक आहे. त्यातलं एकच वाक्य खोटं आहे, पण त्या एका वाक्याने एका माणसाचं घर गेलं. इतकी वर्षं मी हे लिहायचं टाळलं. आता टाळत बसण्याइतका माझ्या डोक्याचा भरवसा उरलेला नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरने मला कागदावर घड्याळ काढून काटे दाखवायला सांगितले. काटे या वेळी बरोबर आले.

आधी बॉसबद्दल सांगतो. मी मिशिगनमध्ये आलो तो मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. तिथले माझे पहिले साहेब म्हणजे हे. गोरे, उंच, हातांचे पंजे फावड्यासारखे. ऑफिसात पोरंटोरंसुद्धा त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची. माझी जीभ रेटेना. मी 'बॉस' म्हणू लागलो आणि ते रिटायर झाले, मी रिटायर झालो, तरी तेच राहिलं. बर्फावर गाडी घसरली तर काय करायचं हे त्यांनी मला रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवलं. मुलगा झाला तेव्हा हॉस्पिटलात पहिले आले ते हेच. इथे माझे वडील नव्हते, काका नव्हते. ती जागा मी त्यांना न विचारताच त्यांना देऊन टाकली होती.

ते शिकारी होते. दर हिवाळ्यात उत्तरेकडच्या जंगलात जायचे आणि आल्यावर हरणाच्या मटणाची पुडकी आमच्या फ्रीझरमध्ये आणून ठेवायचे. बायको ते आमच्या मालवणी मसाल्यात करायची. बॉस नाक पुसत पुसत खायचे. एकदा म्हणाले, "जंगलात हे हरिण इतकं जिवंत नव्हतं."

त्यांच्याबरोबर मीही दोन-चार हिवाळे गेलो होतो, नुसताच, थर्मासमधला चहा प्यायला आणि गप्प बसायला. रिटायर झाल्यावर मात्र वाटू लागलं, आपली स्वतःची बंदूक हवी. आणि तीही ठासणीची. याचं कारण इथलं नव्हतं. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी काकांकडे पीक राखायची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. आम्हा मुलांना तिला हात लावायची बंदी होती. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती खाली यायची, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्या शेजारी पाटावर बसायची आणि तिला झेंडूची माळ पडायची. तेवढ्यापुरतं जवळून बघायला मिळायचं. साठ वर्षं उलटली तरी ती माळ माझ्या डोळ्यांपुढून हलली नव्हती.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि लांब गजाने तळापर्यंत ठासायची. मागच्या बाजूला घोड्याखाली तांब्याची बोटाच्या नखाएवढी केप बसवायची. घोडा पडला की केपची ठिणगी आत जाते आणि बार उडतो. अशी बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून बघून कुणालाही कळत नाही. गज आत टाकूनच कळतं. तळापर्यंत गेला तर रिकामी. वर अडला तर भरलेली.

बॉसचा खांदा दुखू लागला होता आणि ते आपल्या बंदुका एकेक करून देऊन टाकत होते. ठासणीची तुला, असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. नवरात्र तोंडावर आलं तेव्हा मी आणायला गेलो.

त्यांच्या गॅरेजमध्ये तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास असायचा. बंदूक त्यांनी कामाच्या टेबलावर जुन्या टॉवेलवर ठेवली होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हाताळून हाताळून काळपट झालेला. नळीवर गंज नाही. घोडा मागे ओढला की आत दोनदा कट्ट आवाज व्हायचा, स्वच्छ. मी बघत होतो आणि ते मला बघत होते.

"घरात माहितेय काय चाललंय?" ते म्हणाले. "माझी मुलगी आठवड्यातून दोनदा येते आणि फ्रिज उघडून वास घेते. गॅस चालू राहिला का बघते. ट्रकला नवीन ओरखडा आहे का बघते. ती एका चुकीची वाट बघतेय. एकच. मग हे घर विकायचं आणि मला त्या बिंगोवाल्या वृद्धाश्रमात नेऊन टाकायचं."

"तुम्ही आणि बिंगो?" मी म्हणालो.

"हसू नकोस. मला भीती वाटते." त्यांनी हे इतकं साधेपणाने सांगितलं की मी हसायचा थांबलो. "कधी कधी मलाच कळत नाही मी एखादी गोष्ट केली की नुसती मनात केली. म्हणून मी सगळं मोठ्याने बोलून करतो. ऐक, आता मोठ्याने बोलतो. ठासणीची बंदूक नेहमी भरलेली आहे असंच समजायचं. कुणी काहीही सांगो. मीही सांगितलं तरी."

असं म्हणून त्यांनी नळीखालचा गज ओढून काढला. लाकडी, दोन्ही टोकांना पितळ. त्यावर त्यांनी सुरीने एक खाच पाडलेली होती. नळी रिकामी असेल तर गज त्या खाचेपर्यंत आत जायला हवा. त्यांनी गज माझ्यापुढे धरला.

"गज टाकून बघ. माझ्यासमोर."

मी नको म्हणालो.

का म्हणालो ते सांगतो, कारण सगळं त्याच्यातच आहे. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाने दिलेली वस्तू त्याच्या तोंडावर तपासून बघत नाहीत. तपासली तर तो अविश्वास. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. आणि दुसरं, बंदुकीची पूजा व्हायची होती. नवी गाडी आणली तरी पूजेआधी आम्ही फिरवत नाही. पूजेआधी तिच्या पोटात काही घालायचं माझ्या मनाला येईना. हे मी बॉसना चांगलं ऐटीत समजावून सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय, हत्याराला विश्रांती कशी देतात, सगळं.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "छान आहे. देवाला दाखव. पण आधी गज टाकून बघ."

"तुमच्यावर माझा विश्वास आहे, बॉस."

"माझ्यावर कुणी ठेवायला सांगितलाय?" पण ते खूश झालेले दिसले. त्या दिवसांत त्यांच्यावर विश्वास आहे असं त्यांना कुणी म्हणत नसावं. त्यांनी गज परत नळीखाली सरकवला. "घरी जाऊन बघ मग. बघशील ना?"

"बघेन," मी म्हणालो.

आमच्याकडे सण पंचांगाने येत नाहीत, शनिवारी येतात. त्या वर्षी खंडेनवमी आणि दसरा आम्ही एकाच दुपारी उरकले. चौरंगावर माझी ड्रिल मशीन, बायकोची सुरी आणि खलबत्ता, मुलाचा लॅपटॉप, सुनेचा स्टेथोस्कोप, दोन गाड्यांच्या किल्ल्या, आणि मधोमध बंदूक. गज मी काढून वेगळा ठेवला, म्हणजे तो दिसावा. दोघांना हळद-कुंकू वाहिलं, दुकानातल्या पिवळ्या शेवंतीचा हार घातला. आरती झाली. निरांजन मी बंदुकीवरून ओवाळलं. आत काय होतं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावचे काका पूजेसाठी बंदूक पुसायला घेण्याआधी काय करायचे, तेही मी नंतर कितीतरी वेळा आठवलं. ते गज सोडायचे. आतून ठण्ण आवाज आला की म्हणायचे, "आदी गज घालूचो, मगे हात लावूचो." दरवर्षी. मला हार तेवढा लक्षात राहिला होता. ठण्ण विसरलो होतो.

जेवणं व्हायची होती. पाच-सहा कुटुंबं आली होती, सगळी जुनी. त्यातले एक नागपूरचे डॉक्टर, माझ्याच वयाचे, दिवसभर माझी खेचत होते.

"काय शिकारी, यंदा काय मारणार? पालक की मेथी?"

"हरिण," मी म्हणालो.

"हरणाला कळवलंय का? बिचारं हसून मरेल." सगळे हसले. "अहो, निदान आवाज तरी ऐकवा. नुसती हार घालून काय ठेवलीये, लग्नाची आहे का ती?"

आमच्या गावी सोनं लुटून आलं की काका अंगणात एक बार काढायचे, गोळी न घालता. तेच माझ्या डोक्यात आलं. शहरात बार काढायला बंदी आहे हे मला माहीत होतं. पण नुसती केप वाजवायला काय हरकत होती? दिवाळीतल्या टिकलीएवढा आवाज. बॉसनी बंदुकीबरोबर केपची डबीही दिली होती.

मी बंदूक उचलली. गज चौरंगावरच राहिला, कुंकू लावलेला.

मागच्या अंगणाच्या टोकाला आमची लाकडी शेड आहे, बागेची अवजारं ठेवायची. सगळ्यांना मी डेकवर मागे उभं केलं. तेवढी अक्कल होती. बायको आत पुऱ्या तळतेय असं मी धरून चाललो होतो. केप बसवली. नळी शेडच्या दिशेने धरली. सून म्हणाली, "बाबा, इज इट सेफ?" मी म्हणालो, "अगं, रिकामी आहे." चाप ओढला.

खांद्याला असा हिसका बसला की मी एक पाऊल मागे गेलो. आवाज छातीत झाला. आणि समोर सगळं पांढरं. काळ्या दारूचा धूर दाट असतो, तो लगेच हलत नाही. त्या धुराच्या पलीकडून, शेडच्या मागून, स्टीलची थाळी दगडावर पडल्याचा आवाज आला. ती गोल गोल फिरत राहिली, फिरत राहिली, आणि मग थांबली.

शेडमागे आमचं रेडबडचं झाड आहे. इथे आपटा मिळत नाही. रेडबडचं पान आपट्यासारखं दुभंगलेलं नसतं, पण गोल असतं, आणि आम्ही सगळे दसऱ्याला तेच सोनं म्हणून वाटतो. पाहुणे वाढले होते, पानं कमी पडली होती. थाळी घेऊन तिकडे कोण गेलं असणार हे मला विचार न करताच कळलं.

मला हाक मारता येईना. मी बंदूक धरून होतो तिथेच उभा राहिलो. मागून मुलगा "आई! आई!" ओरडत मला ढकलून पुढे धावला आणि धुरात दिसेनासा झाला. तो परत दिसेपर्यंत जो वेळ गेला, त्यात मी तिचं सगळं करून मोकळा झालो होतो. भारतात कुणाला फोन करायचा, तिच्या बहिणीला काय सांगायचं, इथपर्यंत.

मग धुरातून ती दोघं आली. तिच्या केसांत लाकडाच्या चिरफळ्या. एक हात कानावर. चेहरा पिठासारखा. ती नीट चालत होती.

"काय फुटलं?" ती खूप मोठ्याने म्हणाली, कारण तिला स्वतःचं ऐकू येत नव्हतं. "गॅस फुटला का?"

गोळी शेडच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांतून पार होऊन झाडाच्या बुंध्यात घुसली होती. ती उभी असती तर छातीच्या उंचीवर. खाली पडलेलं एक पान उचलायला ती वाकली होती म्हणून वाचली.

मी पायरीवर बसलो. बंदूक कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतली. मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो लहानपणापासून रागावला की इंग्रजीत जातो. "हू गिव्ज अ लोडेड गन? बाबा, लुक ॲट मी. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का, भरलेली आहे म्हणून? एम्प्टी आहे म्हणाले?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नागपूरचे डॉक्टर, ज्यांचा चेहरा उतरला होता. सून, जिला मी 'रिकामी आहे' म्हणालो होतो. बायको. मुलाने प्रश्नातच मला वाट काढून दिली होती. मी मान डोलावली. नुसती मान. तोंडाने काही बोललो नाही, आणि त्या वेळी मला वाटलं, बोललो नाही म्हणजे खोटंही बोललो नाही.

शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते. ते सौजन्याने वागले. बंदूक घेऊन गेले, पुढे मला कोर्टात उभं राहावं लागलं, ते सगळं सोपं गेलं. कठीण गोष्ट दुसऱ्या दिवशी दारात आली.

मुलाने बॉसच्या मुलीला फोन केला होता. ती त्यांना घेऊन आली. ट्रक बॉसच चालवत होते, ती शेजारी बसली होती. ते आत आले, टोपी हातात. आधी बायकोकडे गेले आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

"गेल्या सीझनच्या शेवटच्या दिवशी मी भरली होती," ते म्हणाले. "हरिण दिसलंच नाही. केप काढली आणि घरी आणून ठेवली. आपल्याकडे केप काढली की कायद्याने ती रिकामीच. नंतर बार काढून टाकायचा राहिला. ती माझी चूक. ती मी मान्य करतो." ते थांबले. "पण मी तुला सांगितलं होतं ना? गज टाकून बघ म्हणून? मला आठवतंय, मी गज हातात धरला होता. मी मोठ्याने बोललो होतो. बोललो होतो ना?"

"डॅड," मुलगी हळूच म्हणाली.

"मला त्याच्याकडून ऐकू दे."

खोलीत बायको होती, मुलगा होता, सून होती. चौरंग अजून उचललेला नव्हता. त्याच्यावर तो गज पडला होता, आणि त्या गजावरची खाच मला माझ्या जागेवरून दिसत होती.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मुलगा चिडला असता. बायकोने आठ दिवस अबोला धरला असता. एवढंच. पण त्या क्षणी मला वाटलं की तिला मारणारा म्हणून मी सगळ्यांपुढे उघडा पडेन. ती तर जिवंत समोर बसली होती, तरी मला तसंच वाटलं. भीतीला हिशेब येत नाही.

"नाही, बॉस," मी म्हणालो. "त्या दिवशी तुम्ही तसं काही बोलला नाहीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता, आवाज चढवला असता, तर मी कदाचित मोडलो असतो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी डोळ्यांनी बघितलं, त्यांनी दोन गोष्टी तोलल्या, माझा शब्द आणि स्वतःची आठवण, आणि स्वतःची आठवण खाली ठेवली.

"असं," ते म्हणाले. "मग मी ते नुसतं मनात बोललो."

मी खिडकीतून बघत होतो. ड्राइव्हवेमध्ये ते ट्रकजवळ गेले, चालकाच्या दारापाशी थांबले, खिशातून किल्ली काढली आणि मुलीच्या हातात दिली. तिने मागितली नव्हती. मग फेरी मारून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. सीटबेल्ट त्यांना सापडेना, तिने लावून दिला.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत त्यांचं घर विकायला निघालं.

त्यानंतर मी ज्या भीतीत राहिलो ती मला कुणाला सांगता आली नाही. फोन वाजला की वाटायचं, त्यांना पक्कं आठवलं. त्यांच्या मुलीचा ईमेल आला की उघडायच्या आधी मी पाणी पिऊन यायचो. तिने नेहमी आभारच मानलेले असायचे, तुम्ही डॅडना भेटायला जाता म्हणून. आणि यातलं सर्वांत वाईट हे, की ते खरोखरच विसरू लागले तेव्हा मला हायसं वाटलं. एकदा त्यांनी मला माझ्या मुलाच्या नावाने हाक मारली, आणि गाडीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी शीळ घालतोय.

बायकोला मी पुढच्या वर्षी सांगितलं, नवरात्रातच. ती निवडत असलेली कोथिंबीर बाजूला ठेवून ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती त्या गोळीबद्दल बोलेल. ती म्हणाली, "माझं जाऊ द्या हो, मी वाचले. पण तो माणूस स्वतःच्या डोक्याला काठीसारखं धरून चालत होता. तुम्ही ती काठी काढून घेतलीत. जा, सांगून या त्यांना."

"आता त्यांना कळणार नाही."

"त्यांना कळावं म्हणून नव्हे. तुम्हाला बोलता यावं म्हणून." मग म्हणाली, "आणि त्यांच्या मुलीला तर कळेल?"

मुलीला मी अजून सांगितलेलं नाही. हे मी मराठीत लिहितोय आणि तिला मराठी येत नाही, हेही मला लिहिताना दिसतंय.

पण बॉसकडे गेलो. ते बिंगोवालं ठिकाण तसं वाईट नव्हतं, खिडकीबाहेर तळं होतं. बायको गाडीत बसून राहिली. "बोलल्याशिवाय परत येऊ नका," एवढंच म्हणाली. पोलिसांनी बंदूक नेली होती, पण गज माझ्याकडेच राहिला होता. तो मी बरोबर नेला, कागदात गुंडाळून. तो हातात दिला की मला सुरुवात करता येईल, असं वाटलं होतं. वाक्यं मी वाटेत पाठ केली होती.

ते खुर्चीत बसले होते. मला ओळखलं नाही, पण बस म्हणाले. मी कागद सोडला आणि गज त्यांच्या मांडीवर ठेवला. पितळेच्या टोकाच्या खोबणीत कुंकू अजून होतं. त्यांनी तो उचलला, तोलला, आणि त्यांचा अंगठा आपोआप सरकत सरकत त्या खाचेवर जाऊन थांबला. ते माझ्याकडे बघायला लागले. डोळे एकदम पूर्वीचे, ऑफिसातले.

"गज टाकून बघितलास?" ते म्हणाले.

मी इतका घाबरलो की खुर्चीतून अर्धा उठलो. ज्याला वर्षभर भीत होतो ते वाक्य समोर होतं. आणि तेच वाक्य मला दार उघडून देत होतं. एवढंच म्हणायचं होतं, तुम्ही सांगितलं होतं. त्या वेळी ते होते, पूर्ण होते, कदाचित मिनिटभर.

"हो, बॉस," मी म्हणालो. "बघितला. रिकामी आहे."

"शाब्बास," ते म्हणाले आणि त्यांनी गज मला परत दिला. मग तळ्याकडे बघत बसले.

मी पार्किंगमध्ये आलो. बायकोने माझ्या हातातला गज बघितला आणि काही विचारलं नाही. गाडी सुरू केली. त्या हिवाळ्यात ते गेले. फ्यूनरलला त्यांच्या मुलीने मला पहिल्या रांगेत बसवलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी मला बर्फात गाडी चालवायला शिकवल्याची गोष्ट मी सांगितली. लोक हसले.

पाठ केलेली वाक्यं मला अजून येतात. बाकीचं विसरलो तरी ती विसरणार नाही, अशी आता मला भीती वाटते. ती अशी आहेत: बॉस, तुम्ही सांगितलं होतं. गज हातात धरून, मोठ्याने. तुमची आठवण बरोबर होती, खोटं मी बोललो. मला माफ करा.